घट

वेसाव्याच्या बंदरावर, सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत
सव्वीस वर्षं मी एकच रकाना भरत आलो :
घट.
दहा किलो ओला बोंबील वलांडीवर चढतो,
तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो दीड किलो.
बाकीचा कुठे गेला, हे वही विचारत नाही.
आकडा लिहायचा, खाली लाल रेघ.

रेवताबाई टपक्यांची हेमांगी
कॉलेजातून काहीतरी शिकून आली
आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकून म्हणाली,
काका, तुमची घट खोटी.
उडालं ते नुसतं पाणी.
ऊन आहे अजून बोंबलात, जवळजवळ सगळं.
खरी घट पाण्याखाली होते,
तिची वही कुणी ठेवत नाही.

मग बर्फाच्या पावतीच्या पाठीवर तिने मांडलं :
समुद्रात एक हिरवी धूळ असते, डोळ्यांना न दिसणारी.
ऊन धरता येतं ते तिला.
जवळ्याला नाही, बोंबलाला नाही,
तुम्हाला तर नाहीच.
हजार किलो धूळ, तेव्हा शंभर किलो जवळा.
शंभर किलो जवळा, तेव्हा दहा किलो बोंबील.
अंदाजे हं, म्हणाली. समुद्र काही पावती देत नाही.

आणि मधले नव्वद?
मी चष्मा काढला.
दर पायरीला शंभरातले नव्वद,
इतकी दलाली तर ससून डॉकचा दलालही कापत नाही.

काही खाल्लेच जात नाहीत, ती म्हणाली. तळाशी बसतात, कुजतात.
काही पोहण्यात जातात. पळण्यात, अंडी घालण्यात,
काहीच न करता नुसतं जिवंत असण्यात.
ऊब होतात. आणि ऊब परत येत नाही.

मी वहीचं पान उलटलं. खर्चाची पहिली ओळ :
डिझेल, चारशे लिटर.
तेही ऊनच, तिने बोट ठेवलं,
असल्याच धुळीचं, माणूस नव्हता तेव्हाचं,
गाळाखाली दाबून राहिलेलं.

म्हणजे
आजचं चिमूटभर ऊन डोलीत धरून आणायला
आपण रोज पहाटे मुरलेलं ऊन जाळतो.
मुद्दल मोडून व्याज आणायला जातो.
हे मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात रेवताबाई टोपली आपटत आत.
कावल्यानं दोन नेलं, लिव.
कुठल्या रकान्यात लिहू?
मना काय ठाव, तू शिकलेला.
आणि हां, सुनेला पोर झाली रात्री. तीन किलो.

त्या दोघी गेल्यावर
मी तीच पावती पुढे ओढली.
भात सोडला, डाळ सोडली, चहातलं दूध सोडलं,
धरलं की ही पोर नुसत्या बोंबलाची.
तीन किलो पोर, तीस किलो बोंबील,
तीनशे किलो जवळा,
तीन हजार किलो हिरवी धूळ.
एवढा समुद्र पोटात घेऊन
ती मुठी आवळून कुठेतरी झोपली असेल,
आणि रडेल तेव्हा त्यातलाच थोडा
खर्च करेल.

संध्याकाळी वलांड्या रिकाम्या झाल्या.
खालची मांजरी, एका कानाने फाटकी,
डोकी-शेपट्या खाऊन माझ्या पायाशी येऊन पसरली.
तिच्या पोटाला हात लावला.
गरम.
भाकरीच्या तव्यासारखं नाही, तवा उतरवल्यावर
चूल गरम असते, तसं.

तर हे नव्वदांतलं.
हे वहीबाहेर चाललंय,
माझ्या तळहातातून वर, पत्र्याला लागून,
खाडीपलीकडच्या मढच्या दिव्यांवरून कुठेतरी,
आणि कुणीच अडवत नाही.

रेवताबाई दारात. आकडा टाकला का?
थांब, म्हटलं. अजून हाताला लागतेय.

मग टाकला. साडेआठ.
सोमवारी ऑडिट आहे.